नाव नसलेली गोळी: औषध दुकानदारांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सर्व औषध दुकानदार बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी चिपळूणची. घरी सासूबाई आहेत, वय ८१. गेली सहा वर्षं त्यांना अल्झायमर आहे. दिवसाच्या आठ गोळ्या लागतात. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची, न्याहारीनंतर रक्तदाबाची, साखरेची आणि अल्झायमरवरची मेमँटिन, दुपारी जेवणावर कॅल्शियम, रात्री पुन्हा साखरेची, पुन्हा मेमँटिन आणि झोपताना डोनेपेझिल, तीही अल्झायमरवरचीच. आठही गोळ्या तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातून आमच्या घरात येतात, म्हणून हे पत्र तुम्हाला. डॉक्टर आम्हाला तीन महिन्यांतून एकदा भेटतात. तुम्ही दर पंधरवड्याला भेटता, रात्री साडेनऊलाही शटर अर्धं वर ठेवून भेटता. डोकं दुखलं तरी गावातला माणूस आधी तुमच्या काउंटरवर येतो. तुमच्याइतकं आमच्या जवळ औषधातलं कळणारं दुसरं कुणी नाही.

सासूबाईंना मी आई म्हणते. आई नर्सबाई होत्या. गुहागर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर एएनएम म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. पाखाडी चढून-उतरून वाडीवाडीत जायच्या. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या, हिवतापाला क्लोरोक्विन, कुटुंबनियोजनाच्या माला-एन गोळ्यांची पाकिटं, कुष्ठरोग्यांची औषधं, सगळं खांद्यावरच्या पिशवीत. आज त्यांना माझं नाव आठवत नाही. मला कधी 'वहिनी' म्हणतात, कधी 'सिस्टर'. पण गोळी हातावर ठेवली की पहिला प्रश्न ठरलेला: "कसली आहे? पाकीट दाखव."

मी पाकीट दाखवते. म्हणजे काय, तर पट्टीचा कात्रीने कापलेला तुकडा. चार गोळ्या उरलेल्या. आई तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरतात, उलटा करतात, मागचा चंदेरी कागद अंगठ्याने सपाट करतात. त्यावर कापल्या गेलेल्या नावाची शेवटची चार अक्षरं आणि कंपनीच्या पत्त्याची अर्धी ओळ. "यावर नाव कुठाय?" आई विचारतात. "तारीख कुठाय? नाव नसलेली गोळी मी पेशंटला देत नाही." आणि गोळी माझ्या हातात परत.

पहिली दोन वर्षं मी याला हट्ट समजत होते. गोड बोलून बघितलं, रागावून बघितलं, एकदा तर रडलेसुद्धा त्यांच्यासमोर. मग एके दिवशी योगायोगाने अख्खी, न कापलेली पट्टी हातात होती. आईंनी एकेक अक्षर लावत नाव वाचलं, तारीख बघितली, "हं, बीपीची" म्हणाल्या आणि घेतली. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आई नाही म्हणत होत्या त्यात आजाराचा भाग थोडा होता, शिकलेल्या शिस्तीचा जास्त. सहा वर्षांत काय काय गळून गेलं, पण ही शिस्त राहिली. आणि त्यांचं बरोबरच होतं. नाव नसलेली गोळी कुणाला देऊ नये.

ते किती बरोबर होतं, हे आम्हाला फार महागात कळलं.

अडीच वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचं ऑपरेशन होतं म्हणून मी आठवडाभर सांगलीला गेले. जाताना डब्यात गोळ्या भरून ठेवल्या होत्या, पण चार दिवसांपुरत्याच. पुढच्या यजमान भरणार होते. मधे रक्तदाबाची गोळी संपत आली म्हणून आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी एका दुकानातून घेऊन आल्या. आमची नेहमीची कंपनी त्या दिवशी नव्हती, दुसरी दिली गेली. तेच औषध, तोच डोस, पण गोळीचा रंग वेगळा, आकार वेगळा. मावशींना कुणी काही सांगितलं नाही. पट्टी कापलेली, त्यावर नाव नाही. यजमानांनी डबा भरायला घेतला तेव्हा समोर जुन्या पट्टीतल्या सात गोळ्या आणि नवी कापलेली पट्टी. दोन रंग म्हणजे दोन औषधं, असं त्यांनी धरलं. कुणीही तेच धरलं असतं. दोन्ही भरल्या.

पाचव्या दिवशी सकाळी आई न्हाणीघरात पडल्या. कपाळाला चार टाके पडले. वरचा रक्तदाब नव्वदच्याही खाली आला होता. दोन रात्री दवाखान्यात काढल्या. त्या दोन रात्रींत आई पलंगाचे गज धरून "मला घरी सोडा" म्हणून ओरडत होत्या, सलाइनची सुई दोनदा उपटून टाकली. ज्यांनी स्मृतिभ्रंशाचा माणूस दवाखान्यात नेला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. घरी आल्या तेव्हा कपाळाची जखम आठ दिवसांत भरली. पण त्याआधी आई स्वतःचा चहा स्वतः करत होत्या. त्यानंतर त्यांनी पुन्हा गॅस पेटवला नाही. साखरेचा डबा कुठला, हे त्यांना परत कधी सांगता आलं नाही.

मी त्या दुकानाचं नाव कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. त्या माणसाने मुद्दाम काहीच केलं नाही. समोर दहा गिऱ्हाइकं, आतल्या मुलाने हाताला आली ती पट्टी काढली, कात्री चालवली. हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही दुकानात आज संध्याकाळीही होणार आहे, म्हणूनच लिहिते आहे.

तुम्हाला माहीत आहे, तरी आठवण करून देते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचे नियम १९४५ चे. त्यातला ६५ वा नियम सांगतो की शेड्यूल एच मधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारं, औषध चिठ्ठीवर जे लिहिलं असेल त्याच्या जागी दुसरं देता येत नाही, आत घटक तोच असला तरी. आता व्यवहारात काय होतं ते तुम्हीही जाणता, मीही जाणते. माल येत नाही, कंपनी बंद होते, गिऱ्हाईकच स्वस्त मागतं. माझा स्वस्त औषधाला विरोध नाही. आमच्या दोन गोळ्या जनऔषधी केंद्रातून येतात आणि महिन्याला चांगले पैसे वाचतात. माझं म्हणणं एवढंच की बदल करायची वेळ आलीच तर डॉक्टरांना एक फोन करा आणि आम्हाला तोंडाने सांगा. "ही त्याच्या जागी आहे, दोन्ही देऊ नका, जुनी संपल्यावर ही सुरू करा." आणि तेच पट्टीवर किंवा पाकिटावर मराठीत लिहा. घ्यायला आलेली व्यक्ती कामवाली असेल, शेजारचा मुलगा असेल, तर लिहिणं जास्तच महत्त्वाचं. गोळी देणारा माणूस तुमच्या काउंटरपर्यंत येतोच असं नाही.

बऱ्याच दुकानांत ती छोटी पांढरी पाकिटं असतात, सकाळ-दुपार-रात्र छापलेली. पूर्वी त्यावर पेनाने खुणा करून गोळ्या मिळत. आता बऱ्याच ठिकाणी सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून रबर लावून देतात. चिठ्ठीवर डॉक्टरांनी १-०-१ लिहिलेलं असतं, पण ते कुठल्या गोळीपुढे आहे हे लावता लावता घरच्यांना घाम फुटतो. डॉक्टरांना औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या छापील अक्षरांत लिहा, असा वैद्यकीय परिषदेचा नियम २०१६ पासून आहे. त्यांचं अक्षर हा वेगळ्या पत्राचा विषय. तुम्हाला मात्र ते अक्षर वाचता येतं, ही तुमची विद्या आहे. तुम्ही वाचलेलं आम्हाला आमच्या भाषेत लिहून द्या.

आणि पट्टी कापायची असेल तर अशी कापा की नाव आणि तारीख गिऱ्हाइकाकडे जाईल. ते जमत नसेल तर कापलेल्या तुकड्यासोबत पाकिटावर नाव, डोस आणि मुदतीची तारीख लिहायला अर्धा मिनिट लागतो. आमच्या घरात त्या अर्ध्या मिनिटावर आई गोळी घेणार की परत करणार हे ठरतं.

आता घरात गोळी द्यायची म्हणजे काय असतं, ते तुम्हाला सांगते. काउंटरच्या अलीकडे ते दिसत नाही.

"गोळ्या घेतल्या का?" असं स्मृतिभ्रंशाच्या माणसाला विचारून उपयोग नसतो. उत्तर "हो" येतं. खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. कधी उलटंही होतं. घेतलेली असते आणि "मला आज कुणी औषधच दिलं नाही" म्हणून आई दारात उभ्या राहून शेजाऱ्यांना सांगतात. साखरेच्या काही गोळ्या अशा दुसऱ्यांदा पोटात गेल्या, किंवा गोळी घेतली आणि जेवण थुंकून दिलं, तर साखर उतरते. साखर उतरलेला माणूस घामाघूम होतो, बरळतो, गोंधळतो, आणि घरच्यांना वाटतं की आज आजार वाढला. म्हणून आमच्याकडे गोळ्या कुलपात असतात आणि किल्ली माझ्या मंगळसूत्राला.

सगळ्या गोळ्या एकदम वाटीत दिल्या की आई त्या धान्यासारख्या निवडत बसतात. म्हणून एका वेळी एक. आधी दोन घोट पाणी पाजायचं, कारण तोंड कोरडं असलं की गोळी टाळूला चिकटते. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून गिळायला लावलं तर ठसका लागतो. टीव्ही बंद. समोर बसायचं, उभं राहून वरून बोलायचं नाही. नाही म्हणाल्या तर वाद न घालता उठायचं आणि वीस मिनिटांनी नव्याने यायचं, जणू पहिल्यांदाच विचारते आहे. तीनदा नाही म्हणाल्या तर तो डोस सुटला असं वहीत लिहायचं. पुढच्या वेळी दुप्पट द्यायची नाही.

चमच्यातून दिलेली गोळी आई घेत नाहीत, चमचा ढकलतात. पण उजव्या हाताचा तळवा पुढे करायला सांगितला की बोटं आपोआप जवळ येतात, अंगठा आत वळतो, डावा तळहात खाली जातो. तीर्थ घेताना करतात तसा. त्या तळव्यावर गोळी ठेवली की हात आपोआप तोंडाकडे जातो. हे मला एकादशीला देवळात कळलं. त्याचा मी उपयोग करते, पण "हे तीर्थ आहे" असं मात्र म्हणत नाही. "आई, ही बीपीची गोळी" असंच म्हणते. ज्यांनी आयुष्यभर लोकांना औषधाचं नाव सांगून औषध दिलं, त्यांना मी फसवून द्यावं हे मला पटत नाही.

गिळल्यावर "आ" करायला लावते. गालाच्या कोपऱ्यात गोळी राहते. पदराच्या गाठीत सापडल्या आहेत, तुळशीच्या मातीत सापडल्या आहेत, एकदा चष्म्याच्या घरात पाच.

गिळायचा त्रास सुरू झाला तेव्हा मी एका दुकानात विचारलं, "कुटून शिऱ्यात घालून दिली तर चालेल का?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "द्या की, पोटात जाऊन तेच होणार." ती साखरेची गोळी होती, नावापुढे एसआर लिहिलेली. एसआर, ईआर, एक्सएल अशी अक्षरं असलेल्या गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं. पोटातल्या आम्लापासून वाचवायला वेष्टन घातलेली पँटोप्राझोलसारखी पित्ताची गोळी कुटली की तिचा उपयोग उरत नाही. हे मला नंतर आमच्या नेहमीच्या औषधवाल्या दादांनी सांगितलं. त्यांनी स्वतः डॉक्टरांशी बोलून साखरेची साधी गोळी लावून घेतली आणि डोनेपेझिलची तोंडात विरघळणारी गोळी आणून दिली. त्या पाकिटावर लाल पेनाने लिहिलं: "ओल्या हाताने काढू नये." आमच्या कोकणातल्या पावसात अशी गोळी पट्टीतून काढून डब्यात ठेवली तर मऊ पडते, म्हणून ती खायच्या वेळीच फोडायची, हेही त्यांनीच सांगितलं. ही माहिती डॉक्टरांकडून मला मिळाली नव्हती. फार्मासिस्टने रुग्णाला समजावून सांगणं हे त्याच्या कामातच मोडतं, असं २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्येही लिहिलेलं आहे. दादांनी नियम वाचून केलं की स्वभावाने, ते मी विचारलं नाही.

डोनेपेझिलच्या आधी काही महिने आईंना अंगावर लावायची पट्टी होती, रिवास्टिग्मिनची. तिच्याबद्दलही एक वाक्य काउंटरवर सांगितलं जायला हवं: नवी लावण्याआधी जुनी काढा. अंघोळ घालणारी व्यक्ती वेगळी आणि पट्टी लावणारी वेगळी असली की पाठीवर दोन-दोन पट्ट्या राहतात आणि उलट्या सुरू होतात. आम्ही पट्टीवर पेनाने तारीख लिहायचो आणि ती पाठीवर वरच्या बाजूला लावायचो, आईंचा हात पोचणार नाही अशी. जागा रोज बदलायची.

आता सर्दीच्या गोळीबद्दल. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे, कारण ती गोळी मीच आणली होती. चिठ्ठी नव्हती. "आईंना सर्दी आहे, काहीतरी द्या" म्हटलं आणि मिळाली. दुसऱ्या रात्री आई कोपऱ्यात बोट दाखवून "त्या बाईला बसायला दे, किती वेळ उभी आहे" म्हणू लागल्या. लघवी अडली. तीन दिवस आम्ही जागे. त्या गोळीत क्लोरफेनिरामिन होतं, बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत असतं तेच. डोनेपेझिल मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिन, म्हणजे आठवणीला लागणारं रसायन, टिकून राहावं म्हणून देतात. क्लोरफेनिरामिन त्याच अ‍ॅसिटिलकोलिनचा रस्ता अडवतं. सकाळ-संध्याकाळ सर्दीची गोळी देऊन मी रात्रीच्या गोळीचं काम मोडत होते. अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांची संघटना एक यादी चालवते, बीअर्स यादी म्हणतात तिला, १९९१ साली पहिल्यांदा निघाली. म्हाताऱ्या माणसांना कुठली औषधं टाळावीत, याची ती यादी. त्यात ही जुन्या पद्धतीची सर्दी-अ‍ॅलर्जीची औषधं आहेत, झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्याही आहेत. ती यादी तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. माझी विनंती आहे की सत्तरीच्या पुढच्या माणसासाठी कुणी "काहीतरी द्या" म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: "त्यांना विसरायचा त्रास आहे का? आधीच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?" माझ्यासारखी बाई तो प्रश्न ऐकून थांबेल. मला कुणी विचारलं असतं तर मी थांबले असते.

तुम्ही म्हणाल, असे पेशंट किती? देशभरातल्या वृद्धांची तपासणी करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं. तुमच्या दुकानात महिन्याची औषधं घ्यायला येणाऱ्या घरांत अशी घरं नक्की आहेत, फक्त ती सांगत नाहीत. "म्हातारपणामुळे विसरतात" एवढंच सांगतात. पट्ट्या मधेच संपणं, किंवा महिना उलटला तरी न संपणं, हे सगळ्यात आधी तुम्हाला दिसतं. एखादे आजोबा परवा घेतलेलं औषध आज पुन्हा मागतात, तेव्हा त्यांच्या मुलाला एक फोन गेला तर ते घर सावध होईल.

आणखी एक गोष्ट सुचवायची आहे, ती आईंच्या जुन्या पिशवीवरून सुचली. त्यांच्या ट्रंकेत मला माला-एनचं एक जुनं पाकीट सापडलं. २८ गोळ्या, २१ पांढऱ्या आणि ७ लोहाच्या, आणि कुठून सुरू करून कुठे जायचं याचे बाण. अक्षर न येणाऱ्या बाईलाही चुकू नये म्हणून सरकारने केलेली सोय. कुष्ठरोगाच्या औषधांचंही तसंच. चार आठवड्यांच्या गोळ्या दिवसाप्रमाणे एकाच पाकिटात, महिन्याचा एक डोस कर्मचाऱ्यासमोर गिळायचा आणि बाकीचे घरी. आईंनी असली पाकिटं घेऊन डोंगर तुडवले. म्हणजे एका दिवसाचं औषध एका जागी बांधून द्यायचं, ही कल्पना आपल्याला परकी नाही. ऑस्ट्रेलियात, इंग्लंडमध्ये औषध दुकानं अशा रुग्णाच्या आठवडाभराच्या गोळ्या वार आणि वेळ लिहिलेल्या कप्प्यांत भरून देतात. आपल्याकडे निदान मागेल त्याला ही सेवा का मिळू नये? फुकट नको. त्याचे जे पैसे होतील ते आम्ही देऊ. मी दर रविवारी दुपारी ताट पुसून, चष्मा लावून, दार लावून ५६ गोळ्या भरते आणि तरी रात्री झोपेतून उठून एकदा मोजते. माझ्या जागी ज्याची नजर अधू आहे असा सत्तरीचा नवरा आपल्या बायकोच्या गोळ्या भरत असेल, त्याचं काय होत असेल?

हे तुम्हाला जमेल का, अशी शंका मला येत नाही. त्याचं कारण आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमचं तळमजल्याचं घर बुडालं. आम्ही वरच्या बिऱ्हाडात होतो. औषधांचा डबा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, फाइल, सगळं गेलं. मोबाइल बंद. आईंचा आजार तेव्हा नवा होता, पाच गोळ्या चालू होत्या आणि मला त्यातल्या तीनच आठवत होत्या. चौथ्या दिवशी मी गुडघाभर चिखलातून दादांच्या दुकानावर गेले. ते फावड्याने चिखल ओढत होते. मागे भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्याही वर. फळ्यांवरचा सगळा माल लगदा झालेला. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "आजींच्या गोळ्या गेल्या ना?" फावडं भिंतीला टेकवलं, ओल्या बिलबुकाचा एक कागद फाडला आणि पाचही गोळ्यांची नावं, डोस, वेळा धडाधड लिहून दिल्या. रात्रीच्या गोळीपुढे लिहिलं, "५ ची, १० ची नाही." मग सावर्ड्याच्या दुकानदाराला निरोप धाडून दुसऱ्या दिवशी औषधं पोचवली. स्वतःचं दुकान बुडालेलं असताना.

तो कागद मी जपून ठेवला आहे. शाई पसरली आहे, पण वाचता येतो. आईंना दाखवला की त्या आजही वाचतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "नीट लिहिलंय. सही कुठाय?"

येत्या २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन आहे आणि चारच दिवसांनी, २५ सप्टेंबरला, तुमचा जागतिक फार्मासिस्ट दिन. त्या आठवड्यात तुमच्या तालुका आणि जिल्हा संघटनांच्या बैठका होतात, सत्कार होतात. यंदाच्या बैठकीत काउंटरवरच्या मुलांना समोर बसवा आणि पट्टी कुठून कापायची, बदललेली गोळी कशी सांगायची, कुठली कुटायची नाही आणि सर्दीची गोळी देताना काय विचारायचं, एवढं एक तास शिकवा. रुग्णाच्या बाजूने कुणी बोलायला हवं असेल तर मला बोलवा, मी येईन. आईंचा डबा घेऊन येईन, कापलेल्या पट्ट्यांचे साठवलेले तुकडेही आणीन. त्यातल्या कुठल्या तुकड्यात काय आहे ते तुम्हाला तरी ओळखता येतं का, ते तुम्ही बघा.

आमच्या नेहमीच्या दुकानात मी पाच तारखेला येतेच आहे. संध्याकाळी सातनंतर गर्दी असते, म्हणून दुपारी तीनला येईन. सोबत यादी असेल आणि रिकाम्या पट्ट्याही. दादा, कॅल्शियमची कंपनी बदलणार आहे असं तुम्ही म्हणाला होतात. पाकिटावर लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात. आई वाचणार आहेत.

आपली नम्र,
एका नर्सबाईंची सून
चिपळूण, जि. रत्नागिरी